पडद्यावरील पाऊल : चित्रपटीय वेशभूषेतील पादत्राणांचा अस्सलपणा आणि मालवणचा किनारा

प्रस्तावना

वेशभूषा हा नाट्य आणि चित्रपट या दोन्ही कलांचा अविभाज्य घटक होय. पात्राचा काळ, प्रदेश, जात, व्यवसाय आणि आर्थिक स्थिती या गोष्टी संवाद सुरू होण्यापूर्वीच वेशभूषा सांगून टाकते. मराठी समीक्षेने फेटा, अंगरखा, नऊवारी आणि दागिने यांची दखल वेळोवेळी घेतलेली आहे. पादत्राणांकडे मात्र तिचे लक्ष क्वचितच गेले. याचे एक कारण उघड आहे. कॅमेरा मुख्यतः चेहऱ्यावर स्थिरावतो आणि पाय बहुतेक वेळा चौकटीबाहेरच राहतात. जे दिसत नाही त्यावर निर्माता खर्च करीत नाही, आणि जे खर्चात धरलेले नसते त्यावर संशोधनही होत नाही.

शिवछत्रपतींच्या चित्राचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. दीर्घकाळ भलत्याच व्यक्तीचे चित्र शिवाजी महाराजांचे म्हणून प्रचारात होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी समकालीन चित्राचा शोध घेऊन ते १९३३ मध्ये लोकांसमोर आणले आणि महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढील चेहरा बदलला. चेहऱ्यासाठी एवढा खटाटोप झाला. पायांसाठी असा कोणताही बेंद्रे निर्माण झाला नाही. त्यामुळे सतराव्या शतकावरील चित्रपटात सरदाराच्या पायी जरीची मोजडी आणि मावळ्याच्या पायी कोल्हापुरी चप्पल ही विभागणी प्रमाणासारखी रूढ झाली, आणि तिला कोणी हरकत घेतल्याचे सहसा आढळत नाही.

'अस्सल' या शब्दाचे येथे दोन अर्थ संभवतात आणि त्यांची गल्लत होऊ देता कामा नये. एक, त्या काळाशी व त्या माणसाशी प्रामाणिक असलेले पादत्राण. दुसरे, पडद्यावर जसे दिसले हुबेहूब तसे पादत्राण. शिवजयंतीच्या मिरवणुकीत किंवा महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात भूमिका करणारा विद्यार्थी आज ज्या मोजडीच्या शोधात बाजार पालथा घालतो, ती सतराव्या शतकातील नसते. त्याने पाहिलेल्या चित्रपटातील असते. चित्रपटाने केलेली निवड अशा रीतीने पुढच्या वेशभूषाकारासाठी पुरावा ठरते. पादत्राणाचा अस्सलपणा आकारात शोधायचा की ते ज्या भूमीवर, ज्या पायात आणि ज्या सामाजिक परवानगीने वापरले गेले त्यात शोधायचा, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न असून त्यासाठी मालवणच्या किनाऱ्याचा आधार घेतला आहे.

पडद्याशी इमान राखण्याची हौस कोठवर जाते याचा नमुना म्हणजे 'द विझार्ड ऑफ ओझ' (१९३९) या चित्रपटातील लाल बूट. एल. फ्रँक बाम यांच्या १९०० सालच्या मूळ पुस्तकात ते चांदीचे आहेत. टेक्निकलरच्या पडद्यावर उठून दिसावेत म्हणून ते लाल करण्यात आले. चित्रपटासाठी तयार झालेल्या जोड्यांपैकी एक जोडी २००५ मध्ये अमेरिकेतील एका संग्रहालयातून चोरीस गेली, २०१८ मध्ये सापडली आणि डिसेंबर २०२४ मध्ये लिलावात तिच्यासाठी २ कोटी ८० लाख डॉलरची बोली लागली. सापडलेली जोडी स्मिथ्सोनियन संस्थेतील जोडीशी ताडून पाहिली असता दोन्ही जोड्यांतील एकेक बूट परस्परांत बदललेला आहे असे आढळले. पुस्तकाच्या दृष्टीने हे बूट चुकीचे, आणि जोडी म्हणून तर ते धड जोडीही नाहीत. तरीही संग्राहकांच्या दृष्टीने याहून अस्सल काही नाही.

वहाण आणि तिची झीज

मराठी भाषेने पादत्राणांचा संसार मोठा सांभाळला आहे. वहाण, पायताण, जोडा, पायपोस, चढाव, सपाता, मोजडी, खडावा, पादुका आणि अलीकडची चप्पल व बूट. यातला प्रत्येक शब्द एका वर्गाचा, एका प्रसंगाचा आहे. पादुका पूजेच्या असतात. आळंदीहून ज्ञानेश्वरांच्या आणि देहूहून तुकोबांच्या पादुकाच पालखीत बसून पंढरपूरला जातात. वहाण मात्र उंबऱ्याबाहेर. 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण वहाणेविषयी बोलत नाही, माणसाविषयी बोलते, आणि ती कोणाला ऐकवली जात असे हे सांगण्याची आवश्यकता नाही.

या शब्दसंपत्तीत एक क्रियापद वारंवार भेटते, ते म्हणजे झिजणे. कचेरीत खेटे घालणारा जोडे झिजवतो, मुलीसाठी स्थळ शोधणारा बाप वहाणा झिजवतो. पादत्राणाचे आयुष्य झिजण्यात आहे हे भाषेला ठाऊक आहे. चित्रपटाला ते ठाऊक असल्याचे क्वचित जाणवते. ऐतिहासिक चित्रपटातील चपला बहुधा त्याच सकाळी दुकानातून आल्यासारख्या दिसतात. दहा कोस दौड करून आलेल्या शिपायाच्या अंगरख्याला धूळ लावली जाते, घामाचे डाग पाडले जातात. त्याच्या टाचेखालचे चामडे मात्र कोरे राहते. पारंपरिक पद्धतीच्या जुत्तीत व मोजडीत तर डावा-उजवा असा भेद करीत नाहीत. घालणाऱ्याच्या चालीने काही दिवसांत ती एकेका पायाची होते. म्हणजे अस्सल मोजडी विकत मिळत नाही, ती पायाने घडवावी लागते. नटाला ती चित्रीकरणाच्या आधी महिनाभर वापरायला देणे हा यावरचा साधा उपाय आहे. त्याला खर्चही नाही. पण वेळापत्रकात तो बसत नाही.

कोल्हापुरी चपलेची कुळकथा येथे थोडक्यात पाहणे इष्ट ठरेल. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले चामडे, चामड्याच्याच वादीची शिवण, कापशी, पुकारी, बक्कलनाली, कचकडी अशी नावे, आणि काही जातींत चालताना कर्र असा आवाज यावा म्हणून तळव्यात मुद्दाम बसविलेला 'विंचू'. शाहू छत्रपतींच्या काळात (१८९४–१९२२) या धंद्याला उत्तेजन मिळाले. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे समाविष्ट आहेत. सिंधुदुर्ग त्यात नाही, आणि नसणे योग्यच आहे. मालवण-वेंगुर्ल्यात कोल्हापुरी येते ती फोंडा, गगनबावडा किंवा आंबोलीचा घाट उतरून. घाट उतरला की जमीन बदलते, पाऊस बदलतो, आणि पायही बदलतो.

किनाऱ्यावरचा पाय

सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चार महिने हवेतील ओल इतकी असते की भिंतीवर टांगलेल्या चामड्याला आठवड्यात बुरशी धरते. भातशेतीत चिखलणी आणि लावणी करणारा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात असतो. तेथे वहाणेचे काम नाही. रापण ओढणारा गाबीत समाज भिजल्या वाळूत टाच रोवून दोर खेचतो. तेथेही वहाण अडचणच. सड्यावरचा जांभा तळवे सोलतो हे खरे, पण त्या जांभ्यावरून चालून तळव्याला जे घट्टे पडतात तेच येथील कष्टकऱ्याचे खरे पायताण होते. वेशभूषाकाराला हे पायताण कोणत्याही पुरवठादाराकडून मिळणार नाही.

बुटांचा प्रवेश येथे झाला तो प्रामुख्याने मुंबईच्या वाटेने. गिरणीत किंवा गोदीत नोकरीला गेलेला चाकरमानी गणपतीला गावी येई. आगबोट मालवणच्या किंवा वेंगुर्ल्याच्या बंदराबाहेर उभी राही, उतारू पडावात उतरत आणि शेवटचे अंतर पाण्यातून काटत. मुंबईची सगळी प्रतिष्ठा ज्या बुटात साठवलेली, तो बूट गावाच्या मातीला लागण्याच्या क्षणी हातात धरावा लागे. एखाद्या दिग्दर्शकाला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मालवण उभे करायचे असेल तर बुटाची अचूक बनावट शोधण्यापेक्षा हातात धरलेल्या बुटाचे हे दृश्य अधिक मोलाचे ठरेल.

अनवाणी असण्याची आणखी एक बाजू आहे, आणि ती निसर्गाशी संबंधित नाही. जातिव्यवस्थेने पायांवरही निर्बंध घातले होते. वरिष्ठ जातींच्या वस्तीतून जाताना तथाकथित अस्पृश्यांना पायातले काढून हातात घ्यावे लागे, ही गोष्ट महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात सर्वपरिचित आहे. चामडे कमावणारा आणि वहाण शिवणारा समाजच त्या वहाणेच्या उघड वापराला पारखा होता. अशा काळावरील चित्रपटात गावातील यच्चयावत माणसांच्या पायी एकसारखी कोल्हापुरी चढविली की केवळ प्रादेशिक चूक होत नाही. कोणाला पायात घालण्याची मुभा होती आणि कोणाला नव्हती, हा इतिहासच पुसला जातो. वेशभूषेतील ढिलाईकडे समीक्षेने दुर्लक्ष करू नये ते या कारणासाठी. मोजडीवरील जरीचा नक्षीकाम चुकला तर जाणकार हळहळतात. सगळ्यांच्या पायी चप्पल दिसली तर कोणाचेच काही बिघडत नाही, ही आपल्या अभिरुचीची तऱ्हा म्हणावी लागेल.

भूमी बदलली की काय होते याचे एक उदाहरण याच किनाऱ्याशी निगडित आहे. चिं. त्र्यं. खानोलकर यांची 'कोंडुरा' ही कादंबरी वेंगुर्ल्याच्या परिसरातून उगवलेली. श्याम बेनेगल यांनी १९७८ मध्ये तिच्यावर हिंदीत 'कोंडुरा' आणि तेलुगूत 'अनुग्रहम्' असे चित्रपट केले, आणि कथा आंध्रात नेली. हे स्थलांतर कलात्मकदृष्ट्या समर्थनीय आहे. बेनेगलांनी कोकणाची खोटी नक्कल करण्यापेक्षा दुसरी खरी भूमी निवडली. परंतु समुद्र आणि जांभा यांच्या मध्ये चालणारा खानोलकरांचा माणूस पडद्यावर यायचा तो राहूनच गेला.

देवळाच्या आवारातील राजा

सिंधुदुर्गातील दशावतार ही वेशभूषेच्या अभ्यासकाला कोड्यात टाकणारी परंपरा आहे. जत्रेच्या रात्री पेटारा उघडतो, नट आपली रंगभूषा आपणच करतात, आडदशावतारात गणपती, ऋद्धिसिद्धी, संकासुर येऊन जातात आणि मग आख्यान उभे राहते. मुकुट, भुजबंध, मखमली अंगरखा यांचा थाट असतो. राजाचे पाय मात्र परंपरेने उघडेच. खेळ देवळाच्या आवारात, देवासमोर चालतो. तेथे देवापुढे राजाही वहाण घालून उभा राहू शकत नाही. म्हणजे वरचा देह पुराणातला आणि खालचा पाय गावातला, अशी ही दुहेरी वेशभूषा आहे. प्रेक्षकाला ती विसंगत वाटत नाही, कारण त्यानेही आपल्या चपला बाहेर काढलेल्या असतात. (१९७५ मध्ये 'जय संतोषी माँ' पाहण्यासाठी आलेले प्रेक्षक चित्रपटगृहाबाहेर पादत्राणे काढून आत जात असत, पडदा हेही काही काळ देवालय झाले होते.)

गंगाराम गवाणकर यांच्या 'वस्त्रहरण' या मालवणी नाटकाने, ज्याला मालवण तालुक्यातील रेवंडीच्या मच्छिंद्र कांबळी यांनी अफाट लोकप्रियता मिळवून दिली, नेमके या दुहेरीपणाचेच हसू केले. महाभारतातील पात्राआडून गावकरी सारखा डोकावत राहतो आणि त्या डोकावण्यातच नाटकाचा प्राण आहे. तेथे पौराणिक अचूकतेचा आग्रह धरला तर नाटकच उरणार नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या सुबोध खानोलकर दिग्दर्शित 'दशावतार' या चित्रपटाने हा कलाप्रकार मोठ्या पडद्यावर आणला. दिलीप प्रभावळकर यांनी त्यात वृद्ध दशावतारी कलावंताची, बाबुली मेस्त्रीची, भूमिका केली. अशा विषयात पाय ही दुय्यम बाब राहत नाही. रात्री मांडात अनवाणी उभा असलेला देव सकाळी रबरी स्लिपर पायात अडकवून घराची वाट धरतो, हे या कलावंताच्या जीवनातील रोजचे स्थित्यंतर आहे. मुकुट काढण्याच्या प्रसंगाला आपले चित्रपट नेहमीच भावनिक वजन देतात. स्लिपर घालण्याच्या क्षणात ते वजन अधिक आहे, असे येथे सुचवावेसे वाटते.

जिजाईच्या हातातील वहाण

मराठी चित्रपटातील पादत्राणाचा सर्वांत समर्थ उपयोग आजही १९३६ सालचाच आहे. प्रभातच्या 'संत तुकाराम' मध्ये गौरी यांनी साकारलेली जिजाई आजारी मुलाच्या काळजीने आणि नवऱ्याच्या निर्धनतेने पेटून उठते आणि हातात वहाण घेऊन थेट विठोबावर चाल करून जाते. दामले-फत्तेलाल हे बाबूराव पेंटर यांच्या तालमीत तयार झालेले. 'सावकारी पाश' (१९२५) सारख्या चित्रपटातून बाबूरावांनी साध्या शेतकऱ्याचे जग पडद्यावर आणण्याची वाट घालून दिली होती. त्या संस्काराचा हा कळस म्हटला पाहिजे. वहाण कोणत्या घडणीची आहे, सतराव्या शतकातील देहूस ती शोभते की नाही, हा प्रश्न हे दृश्य पाहताना मनात येत नाही. उंबऱ्याबाहेर राहण्याची वस्तू देवळात आली आणि पायाची वस्तू हातात आली, या दुहेरी मर्यादाभंगातून संसारी बाईचा सारा संताप प्रकट होतो.

लोककथेतली आवली मात्र वेगळी आहे. डोंगरावर तुकोबांची भाकरी घेऊन जाताना तिच्या पायात काटा मोडतो आणि तिने ज्याला उभा जन्म दूषणे दिली तो विठोबाच तो काटा काढतो. ही कथा अनवाणी पायाशिवाय शक्य नाही. एकाच स्त्रीच्या एका कथेत वहाण हवी आणि दुसरीत ती असता कामा नये. दोन्ही कथा आपापल्या जागी खऱ्या आहेत. वस्तुसंग्रहालयातील कोणताही नमुना हा पेच सोडवू शकणार नाही.

मूळ वस्तू आणि खरी वस्तू

'गांधी' (१९८२) या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळविणाऱ्या भानू अथय्या या मूळच्या कोल्हापूरच्या. त्यांचे वडील अण्णासाहेब राजोपाध्ये हे चित्रकार असून बाबूराव पेंटर यांच्या चित्रपटांशी त्यांचा संबंध होता. वेशभूषेतील वास्तवाचा आग्रह हा असा एका नगरीच्या परंपरेतून जागतिक पडद्यापर्यंत पोचलेला दिसतो. 'गांधी' चित्रपटात आगगाडीतून ढकलला जाणारा सुटाबुटातील बॅरिस्टर आणि दांडीकडे झपाझपा निघालेला चपलेतील म्हातारा यांच्यातील अंतर संवादांनी जितके सांगितले आहे तितकेच पायांनीही सांगितले आहे.

गांधीजींच्या बाबतीत चप्पल हा केवळ पोशाखाचा भाग नव्हता. दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर त्यांनी हर्मन कॅलनबॅक यांच्याकडून चपला करण्याची विद्या शिकून घेतली. जे काम हिंदू समाजाने अस्पृश्य ठरविले होते ते एका वैश्य बॅरिस्टरने स्वतःच्या हाताने केले. १९१४ मध्ये आफ्रिका सोडताना आपल्या हातची एक जोडी त्यांनी जनरल स्मट्स यांना, म्हणजे ज्यांनी त्यांना तुरुंगात टाकले त्यांनाच, भेट दिली. स्मट्स यांनी ती अनेक उन्हाळे वापरली आणि १९३९ मध्ये गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त परत पाठविली. याउलट मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्क येथे गांधीजींच्या चपला, चष्मा, घड्याळ, ताट आणि वाटी यांचा लिलाव झाला. किंमत आली १८ लाख डॉलर. दोन्ही चपला मूळच्या. पण स्मट्स यांच्या जोडीला प्रतिस्पर्ध्याच्या पायांची झीज लाभली, आणि तिची कथा तेथेच सुरू होते.

या प्रकाशात सिंधुदुर्गातील एक न निघालेला चित्रपट डोळ्यांपुढे आणता येईल. मे १९३० मध्ये शिरोडे येथे मिठाचा सत्याग्रह झाला. वि. स. खांडेकर त्या काळी तेथील शाळेत शिक्षक होते. या घटनेवर उद्या कोणी चित्रपट काढल्यास वेशभूषाकार गांधी टोपी आणि खादी यांची व्यवस्था निश्चितच चोख ठेवील. सत्याग्रहींच्या पायी काय द्यावे, येथे तो थबकेल. देशावरून आलेल्या स्वयंसेवकाच्या वहाणा मिठागराच्या पाण्यात चार दिवसांत कडक होऊन तडकतील. मिठागरात रोज राबणाऱ्या मजुराच्या पायी काहीच नसेल, आणि त्याच्या तळव्यावरच्या मिठाने चरलेल्या भेगा जवळून दाखवाव्या लागतील. शहरातून आलेला पुढारी बुटात असू शकेल. एकाच चौकटीत हे तीन पाय आले तर सत्याग्रहात कोण कोठून आला होता ते निवेदनाशिवाय कळेल.

आवाजाचाही प्रश्न आहेच. पुष्कळ चित्रपटांत पावलांचा आवाज नंतर ध्वनिमुद्रणगृहात वेगळ्या माणसाच्या वेगळ्या बुटांनी तयार केला जातो. पायी अस्सल कापशी आणि कानी कोणाचा तरी टाचेचा बूट, असा प्रकार त्यामुळे घडू शकतो. 'लगान' (२००१) ची वेशभूषा भानू अथय्या यांचीच होती आणि चित्रीकरणाच्या वेळीच ध्वनिमुद्रण करण्याची पद्धती हिंदी चित्रपटात पुन्हा रुजविण्यात त्या चित्रपटाचा मोठा वाटा आहे. चामडे आणि माती यांचा परस्परांशी होणारा आवाज तेथेच टिपला जाण्याची शक्यता अशा पद्धतीत निर्माण होते.

चित्रपटाच्या श्रेयनामावलीत वेशभूषाकाराचे नाव असते. वहाणा शिवणाऱ्याचे नाव सहसा नसते. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपला मूळचा उल्लेख न करता सादर केल्या तेव्हा महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली आणि कंपनीला त्यामागील भारतीय प्रेरणा मान्य करावी लागली. तो संताप रास्तच होता. मात्र ऐतिहासिक चित्रपटांसाठी शेकडो जोड आपल्याच कारागिरांकडून घेऊन त्यांचे नाव पडद्यावर न देणाऱ्या आपल्या व्यवसायाला तोच प्रश्न विचारला गेला नाही.

मालवणसमोर कुरटे बेटावर १६६४ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बांधकामास प्रारंभ झाला. किल्ल्यात लहान घुमट्यांखाली चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे जपून ठेवलेले असून ते शिवछत्रपतींचे होत अशी श्रद्धा आहे. ज्या राजाच्या मोजडीसाठी वेशभूषाकार बाजार धुंडाळतात, त्याचे म्हणून या किनाऱ्याने जे जतन केले ते अनवाणी पाऊल आहे. ओल्या चुन्यावर पाय ठेवण्यापूर्वी पायातले काय काढले, ते कोणी हातात धरले, आणि धरणारा स्वतः अनवाणी होता काय, हे त्या बांधकामाचे दृश्य चित्रित करणाऱ्याला ठरवावे लागेल.